मँगनीज पितळ : नावात मँगनीज, पण ताकद कुणाची?

 

आज टेबलावर दोन बुश ठेवलेत. व्हिडिओ पाहणाऱ्यांना ते दिसतायत. पुस्तकात वाचणाऱ्यांसाठी वर्णन करतो. दोन्ही पिवळे, दोन्ही मुठीएवढे, दोन्ही लेथवर नुकतेच फिरवून चकचकीत केलेले. एक आहे साधं फ्री-कटिंग पितळ. नळाचे भाग, छोटे नट, विजेच्या पिना अशा वस्तू त्याच्या होतात. दुसरा आहे मँगनीज पितळेचा. बाजारात त्याला ‘मँगनीज ब्राँझ’ म्हणतात. त्याची ताकद पहिल्याच्या दुपटीच्या आसपास आहे. पण कुठला कोणता, हे नुसतं बघून सांगता येत नाही. मलाही येत नाही. म्हणून मी खाली मार्करनं 1 आणि 2 असे आकडे घातलेत.

आता तुम्ही म्हणाल, यात एवढं बोलण्यासारखं काय आहे? एक प्रसंग सांगतो.

लोण्यागत कापतंय की!

माझ्या एका मित्राचा पीण्या औद्योगिक वसाहतीत छोटा कारखाना होता. त्यात एक जुना स्क्रू प्रेस. या प्रेसमध्ये वरून जाड पोलादी स्क्रू खाली येतो आणि तो ज्या नटमधून फिरतो, तो नट पिवळ्या धातूचा असतो. प्रत्येक ठोक्याचा सगळा भार त्या नटच्या आट्यांवर येतो. नट झिजला, म्हणून मित्रानं नवीन करायला घेतला. गोल ठोकळा विकत आणला. बिलावर स्वच्छ लिहिलं होतं, ‘मँगनीज ब्राँझ’.

लेथवर बेळगावकडचे एक जुने कारागीर होते. त्यांनी पहिला कट घेतला आणि म्हणाले, “साहेब, हे लोण्यागत कापतंय की!” आम्हाला बरंच वाटलं. काम लवकर होईल, टूल कमी झिजेल. खरं तर तिथंच थांबायला हवं होतं. ते का, हे पुढे येईलच.

चार महिन्यांत नटचे आटे सोलून निघाले. स्क्रू आणि रॅम एकदम खाली आले. प्रेसवर काम करणाऱ्या मुलानं जेमतेम एक क्षण आधी हात बाहेर काढला होता. नंतर त्या नटचा तुकडा तपासायला दिला. अहवाल आला : तांबं 58 टक्के, शिसं अडीच टक्क्यांच्या वर, बाकी जवळजवळ सगळं जस्त. मँगनीज नावापुरतं, ॲल्युमिनियम तर नाहीच. म्हणजे तो माझ्या टेबलावरच्या साध्या बुशचा सख्खा भाऊ होता. मराठीत ‘पितळ उघडं पडणं’ म्हणतात, ते आम्ही शब्दशः पाहिलं.

दुकानदारानं फसवलं, असं मी म्हणणार नाही. त्यालाही कदाचित माहीत नसेल. आजचा विषय तोच आहे. नाव, रंग आणि धातू या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत.

नावाचा घोळ

आपल्याकडे घरात या धातूंची ओळख फार स्पष्ट होती. तांब्याचा बंब, पितळेचा डबा, काशाची वाटी. तांबं आणि जस्त मिळून पितळ. तांबं आणि कथील मिळून कासं. कन्नडमध्येही दोन वेगळे शब्द आहेत : पितळेला हित्ताळे, काशाला कंचु. इंग्रजीत ब्रास आणि ब्राँझ.

मग मँगनीज ‘ब्राँझ’ म्हणजे कासं का? नाही. त्यात कथील बहुधा नसतंच, असलं तर एखादा टक्का. मुख्य दोन धातू तांबं आणि जस्त. म्हणजे हे सरळसरळ पितळ आहे. पर्सिव्हल पार्सन्स नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं 1876 मध्ये या प्रकारच्या मिश्रधातूचं पेटंट घेतलं. तांब्याच्या मिश्रधातूत फेरोमँगनीज, म्हणजे लोखंड आणि मँगनीजचं मिश्रण, टाकलं की धातू बळकट होतो, हे त्याचं सूत्र. त्यानं त्याला ‘मँगनीज ब्राँझ’ म्हटलं आणि ते नाव चिकटलं ते आजतागायत. अभियांत्रिकीत याला ‘हाय टेन्साइल ब्रास’ असंही म्हणतात. भारतीय मानकांतही हेच नाव आहे आणि ते जास्त प्रामाणिक आहे.

दुसरा घोळ याहून मोठा. ‘मँगनीज ब्राँझ’ हा एक धातू नाही, ते एक कुटुंब आहे. त्यातले दोन भाऊ पाहू. अमेरिकन पद्धतीत त्यांना 865 आणि 863 असे क्रमांक आहेत. पूर्ण नावं सी 86500 आणि सी 86300.

865 मध्ये तांबं 55 ते 60 टक्के, जस्त 36 ते 42, ॲल्युमिनियम अर्धा ते दीड, लोखंड 0.4 ते 2 आणि मँगनीज 0.1 ते 1.5 टक्का.

863 मध्ये तांबं 60 ते 66, जस्त 22 ते 28, ॲल्युमिनियम 5 ते 7.5, लोखंड 2 ते 4, मँगनीज 2.5 ते 5 टक्के.

दोघांचं बाजारातलं नाव एकच. ताकदीत मात्र जमीन-अस्मानाचा फरक.

कोण काय काम करतं?

नावात मँगनीज आहे, म्हणून ताकद मँगनीजची, असं आपण धरून चालतो. मँगनीज आपल्या ओळखीचंही आहे. नागपूर-भंडारा-बालाघाट हा पट्टा मँगनीजच्या खाणींसाठी प्रसिद्ध. इकडे कर्नाटकात बल्लारी जिल्ह्यातलं संडूर. ते घोरपडे या मराठा घराण्याचं संस्थान. त्याच घराण्यानं 1954 मध्ये तिथं मँगनीज आणि लोह खनिजाची कंपनी काढली. या खनिजाचा मोठा ग्राहक पोलाद उद्योग. पितळेकडे येतं ते चिमूटभर.

ही चिमूट काय करते? वितळलेल्या धातूतला ऑक्सिजन ओढून घेते. लोखंड धातूत नीट मिसळायला मदत करते. थोडी ताकदही वाढवते.

लोखंडाचं काम वेगळं. घन तांब्यात लोखंड फार विरघळत नाही. त्याचे अतिशय बारीक कण तयार होतात आणि धातू गोठताना त्या कणांभोवती दाणे जमतात. कण पुष्कळ, म्हणून दाणेही पुष्कळ आणि बारीक. बारीक दाण्याचा धातू जास्त चिवट असतो.

आणि ॲल्युमिनियम? खरा पैलवान तोच. 863 ची बहुतेक ताकद ॲल्युमिनियममुळे येते, आणि नावात त्याचा पत्ताच नाही.

जस्ताचा हिशेब

ॲल्युमिनियम एवढी ताकद कशी देतं, हे समजायला पितळेच्या आत डोकवावं लागेल.

साध्या पितळेत जस्त साधारण 35 टक्क्यांपर्यंत असेल, तर सगळे अणू एकाच रचनेत बसतात. तिला अल्फा म्हणतात. अल्फा पितळ मऊ, थंड अवस्थेत ठोकून वाकवता येणारं. आपले हंडे-कळश्या याच जातीचे. जस्त त्याहून वाढलं की दुसरी रचना दिसू लागते, ती बीटा. ही कडक आणि बळकट. 45 टक्क्यांच्या पुढे जवळजवळ सगळं बीटा. आणि जस्त 50 टक्क्यांच्या पुढे गेलं की गॅमा नावाची तिसरी रचना येते. ती काचेसारखी ठिसूळ. कामाच्या भागात ती नकोच.

गंमत अशी, की दुसरे धातू जस्ताचं सोंग घेऊ शकतात. कोणता धातू किती जस्ताएवढं काम करतो, याचे आकडे फ्रेंच धातुशास्त्रज्ञ गिये यांच्या नावानं ओळखले जातात. एक टक्का सिलिकॉन म्हणजे 10 टक्के जस्त. एक टक्का ॲल्युमिनियम म्हणजे 6 टक्के जस्त. कथील 2, लोखंड 0.9, मँगनीज फक्त 0.5. निकेल उलट दिशेनं, उणे 1.3.

आता कागद घ्या. 863 चा एक नमुना : तांबं 63, जस्त 25, ॲल्युमिनियम 6, लोखंड 3, मँगनीज 3. जस्ताचे 25, ॲल्युमिनियमचे 6 गुणिले 6 म्हणजे 36, लोखंडाचे 2.7, मँगनीजचे 1.5. बेरीज 65.2. तांबं 63. म्हणजे हे पितळ असं वागतं, जणू त्यात 65.2 भाग जस्त आणि 63 भाग तांबं आहे. टक्क्यांत जवळजवळ 51.

पाहिलंत? कागदावर जस्त 25 टक्के, वागणूक 51 टक्क्यांची! पूर्ण बीटा, आणि गॅमाच्या उंबरठ्यावर उभं. म्हणून हे पितळ ओतणं हे जोखमीचं काम. ॲल्युमिनियम एक टक्का चुकून जास्त पडलं, तर हिशेबात सहा टक्के जस्त वाढल्यासारखं. उलट जस्त 907 अंशांना उकळतं आणि हा धातू साचात ओततात तो त्याच सुमाराला किंवा त्याहून तापलेला असतो. मुशीवरून पांढरा धूर निघतो, तो जस्ताचाच. तो श्वासात गेला तर संध्याकाळी थंडी वाजून ताप येतो. जुन्या ओतकामगारांना हा ताप चांगला माहीत असतो. मुशीतलं किती जस्त उडालं, किती राहिलं, हे चांगल्या ओतशाळेत ओतण्याआधी नमुना काढून तपासतात. भंगारातून मूठभर शिशाचं पितळ मिसळलं तरी चालत नाही. 863 मध्ये शिसं 0.2 टक्क्याच्या वर नको, असा नियम आहे.

ताकदीचे आकडे

ताकद आपण किलोत मोजू. एक चौरस मिलिमीटर जाडीची तार टांगली, तर ती तुटायला किती वजन लागेल?

साध्या फ्री-कटिंग पितळेला साधारण 35 ते 40 किलो. 865 ला किमान 45 किलोच्या आसपास. बांधकामातल्या साध्या पोलादाला 42. आणि 863 ला किमान 77 किलो. पिवळा दिसणारा धातू साध्या पोलादाला मागे टाकतो.

पण तुटण्याआधी धातू कायमचा वाकतो, आणि यंत्राच्या दृष्टीनं तो आकडा जास्त महत्त्वाचा. तो 865 मध्ये किमान 17 किलोच्या घरात, 863 मध्ये 42. म्हणजे अडीच पट. आमच्या नटचे आटे याच कसोटीत नापास झाले.

आता लेथवाल्या कारागिरांचं वाक्य आठवा. फ्री-कटिंग पितळ कापायला जितकं सोपं, त्याला 100 गुण दिले, तर 865 ला 26 गुण मिळतात आणि 863 ला फक्त 8. शिशाच्या पितळेचा कीस बारीक भुग्यासारखा उडतो. 863 टूलला झुंजवतं. ‘लोण्यागत कापतंय’ हा त्या धातूनं दिलेला कबुलीजबाब होता. प्रयोगशाळेच्या चार महिने आधी तो त्या कारागिरांच्या हाताला कळला होता. आम्ही ऐकला नाही.

सगळ्यात बळकट, तेच सगळ्यात चांगलं?

इथं मात्र थांबा. आता तुम्ही म्हणाल, मग सगळीकडे 863 च घालू. नाही चालणार.

पहिली गोष्ट, उष्णता. 863 मधून उष्णता साध्या पितळेच्या एक तृतीयांशाहूनही कमी वेगानं वाहते. जिथं शाफ्ट वेगानं फिरतो, तिथं बुश तापतो आणि धरतो. 863 ची जागा म्हणजे भार प्रचंड आणि वेग कमी, अशी : प्रेसचा नट, क्रेनची पिन, पुलाखालच्या बेअरिंगच्या पट्ट्या, खोदाईयंत्राच्या बाहूचे सांधे. तेही ग्रीस नियमित आणि शाफ्ट कडक असेल तरच. वेगाच्या कामाला कथील आणि शिसं असलेलं गनमेटलच बरं.

दुसरी गोष्ट, समुद्र. जहाजांचे पंखे, म्हणजे प्रोपेलर, पूर्वीपासून मँगनीज ब्राँझचे होत आले. पण खाऱ्या पाण्यात बीटा पितळेतलं जस्त हळूहळू निघून जातं आणि मागे तांब्याचा सच्छिद्र सांगाडा उरतो. वरून आकार तोच, आत जीव नाही. म्हणून जहाजांना प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांचा नियम आहे, की प्रोपेलरच्या मँगनीज ब्राँझमध्ये वर केला तसा जस्ताचा हिशेब 45 टक्क्यांच्या आत हवा आणि थोडी अल्फा रचना शिल्लक हवी. आपलं 51 टक्क्यांचं 863 त्यात बसत नाही. रत्नागिरीच्या ट्रॉलरला ‘अजून भारी’ म्हणून 863 चा पंखा बसवणं म्हणजे नुकसान विकत घेणं.

तिसरी गोष्ट तर थेट आपल्या पावसाळ्याशी जोडलेली आहे. इंग्रजांच्या काळात हिंदुस्थानातल्या लष्कराची पितळी काडतुसं पावसाळ्यात घोड्यांच्या तबेल्यांत ठेवली जात. पावसाळा संपल्यावर पाहावं, तर काडतुसांना आपोआप भेगा! कुणी हात लावला नाही, ठोकलं नाही. याला ‘सीझन क्रॅकिंग’ हेच नाव पडलं. 1921 मध्ये ब्रिटिश संशोधकांनी उलगडा केला. काडतुसं ठोकून घडवताना धातूत ताण उरलेला असे, आणि घोड्यांच्या मुतातून सुटणारा अमोनिया दमट हवेत त्या ताणलेल्या पितळेला फोडत असे. ताण, ओलावा आणि अमोनिया. तिघं एकत्र आले की भेग.

जस्ताचा हिशेब जितका वर, तितकी ही भीती जास्त. म्हणून युरियाचं गोदाम, पोल्ट्री, अमोनियावर चालणारं शीतगृह, अशा जागी हे बळकट पितळ वापरताना दहा वेळा विचार करा. पितळेच्या कड्यात पोलादी शाफ्ट घट्ट ठोकून बसवला असेल, तर ते कडं कायम ताणाखाली असतं. वर्षभर काही होत नाही आणि एके दिवशी सकाळी ते फुटलेलं दिसतं.

जिथं मँगनीज खरंच नायक आहे

मँगनीजवर अन्याय नको. दोन ठिकाणी ते खरंच नायक आहे.

पहिलं, तुमच्या गाडीच्या गिअरबॉक्समध्ये. बंगळुरूच्या सिल्क बोर्ड चौकात मॅन्युअल गाडी चालवलेल्यांना गिअर किती वेळा बदलावा लागतो, ते सांगायला नको. दर वेळी आतली एक कडी, सिंक्रोनायझर रिंग, फिरत्या शंकूवर घासते आणि दोन चाकांचा वेग जुळवून देते. मग गिअर न कुरकुरता पडतो. या कड्या अनेकदा विशेष मँगनीज पितळेच्या असतात : तांबं 58 टक्क्यांच्या आसपास, मँगनीज दीड ते तीन, ॲल्युमिनियम दोनच्या जवळ आणि थोडं सिलिकॉन. मँगनीज आणि सिलिकॉन मिळून मँगनीज सिलिसाइडचे अतिशय कठीण कण बनतात. चिवट पितळेत रुतलेले हे कण घासणी स्वतःवर घेतात, म्हणून रिंग वर्षानुवर्षं टिकते.

दुसरं, नाण्यात. अमेरिकेनं 2000 साली सोनेरी डॉलरचं नाणं काढलं. त्याच्या मध्ये तांबं आणि दोन्ही बाजूंना मँगनीज पितळेचा थर : तांबं 77, जस्त 12, मँगनीज 7, निकेल 4 टक्के. अडचण अशी होती, की रंग सोन्यासारखा हवा, पण विक्रीयंत्रांना ते विजेच्या दृष्टीनं जुन्या पांढऱ्या डॉलरसारखंच वाटायला हवं. ही विजेची ओळख जुळवण्यात मँगनीजचा मोठा हात होता.

मग विकत घेताना काय करायचं?

बंगळुरूत एस. पी. रोडवर घ्या, पुण्यात घ्या, नाहीतर कोल्हापूर-बेळगावच्या ओतशाळेतून. चार गोष्टी पाळा.

एक. ‘मँगनीज ब्राँझ द्या’ म्हणू नका. मानकाचा क्रमांक आणि ग्रेड लिहून द्या. नुसतं नाव सांगितलं, तर 865 आणून देणारा खोटारडा ठरत नाही.

दोन. त्या ओतीचा तपासणी दाखला मागा, आणि दाखल्यावरचा ओतीचा क्रमांक ठोकळ्यावरही कोरलेला आहे का, ते पाहा. दाखल्यात आधी ॲल्युमिनियम आणि शिसं बघा, मँगनीज नंतर.

तीन. जिथं हातपाय जाण्याची भीती आहे, तिथं स्वतः तपासणी करा. स्पेक्ट्रोमीटरवर रचना आणि सोबत कडकपणा. ठोकळ्याच्या किमतीपुढे हा खर्च किरकोळ असतो.

चार. घरच्या घरी एक चाळणी लावता येते, आर्किमिडीजची. साधं पितळ पाण्याच्या साधारण साडेआठ पट जड. 863 ॲल्युमिनियममुळे हलकं, 7.8 पटीच्या आसपास. एक किलोचा ठोकळा दोऱ्यानं काट्याला टांगून पाण्यात बुडवा. साध्या पितळेचं वजन सुमारे 118 ग्रॅम कमी भरेल, 863 चं सुमारे 128 ग्रॅम. ग्रॅम दाखवणारा काटा हवा आणि बुडबुडे पुसून घ्या. पण लक्षात ठेवा, ही परीक्षा ‘हे साधं पितळ आहे’ एवढं पकडते. 865 तिला चकवू शकतं, आणि आत पोकळ्या असलेला ठोकळाही.

आता टेबलावरचे दोन बुश. आकडा 1 चं एक किलोमागे 118 ग्रॅम घटलं, आकडा 2 चं 128. म्हणजे प्रेसला दोन नंबर.

मित्रानं नंतर नवा नट केला, या वेळी दाखला बघून. लेथवर टूल दोनदा घासून घ्यावं लागलं. तेच बेळगावचे कारागीर कपाळावरचा घाम पुसत म्हणाले, “आता कसं, माल खरा वाटतोय.” तो मुलगा अजून त्याच प्रेसवर काम करतो, दोन्ही हातांनी.

पुढच्या भागात गनमेटलबद्दल बोलू. तोवर, नमस्कार.